दोन पायऱ्या खाली

गाणं सुचवण्याआधी मी त्या बाईचं बोलणं ऐकते. चहा मागवताना, मुलाच्या परीक्षेचं सांगताना, शेजारणीला जागा करून देताना तिचा आवाज जिथे आपसूक टेकतो, तिथून तिचं गाणं शोधायला लागायचं. तोक्योत राहायला आल्यापासून काराओकेसाठी मैत्रिणींना गाणी निवडून देण्याचं काम माझ्याकडे हळूहळू चालत आलं. यातल्या काही जपानी, काही निशि-कासाई भागातल्या आपल्या मराठी, आणि बहुतेक सगळ्या पंचेचाळीस ते साठीतल्या. सुगम संगीताच्या तालमीत 'पट्टी' हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. तो एखाद्या बाईच्या आयुष्याच्या किती जवळ असतो, हे मात्र मला या कामाने शिकवलं.

इथल्या बऱ्याच बायकांना दोन आवाज सांभाळावे लागतात. दुकानात, स्वागतकक्षात, फोनवर त्या वरच्या सुरात, गोड आणि अदबीने बोलतात. फोन ठेवून मैत्रिणीकडे वळल्या की तोच आवाज दोन-तीन सुरांनी उतरतो, त्याला वजन येतं. दिवसभर वरच्या आवाजात काम केलेल्या बाईला संध्याकाळी पुन्हा वरच्याच सुरात गायला लावणं मला पटत नाही. काराओकेच्या त्या छोट्या बंद खोलीत तिला तिचा उतरलेला, स्वतःचा आवाज वापरता यावा, एवढ्यासाठी मी गाणी निवडते.

यात शरीराचाही वाटा आहे. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं, स्वरतंतूंत कोरडेपणा येतो, ते किंचित जाड होतात. विशीत लीलया लागणारा वरचा सूर आता ताणून लावावा लागतो. बायका याला 'आवाज गेला' म्हणतात. माझं मत ठामपणे वेगळं आहे. आवाज खाली सरकलेला असतो, आणि खालच्या दोन-तीन सुरांत पूर्वी नव्हता असा भरीवपणा आलेला असतो. विशीतला ब्लाऊज उसवून आपण आजच्या मापाने शिवतो, मग गाण्याचं माप का बदलू नये?

काराओकेच्या जन्माची एक गोष्टही या मापाचीच आहे. कोबे शहरातले दाइसुके इनोउए बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला वाद्याची साथ करत. एका छोट्या कंपनीच्या मालकाला त्यांच्याच साथीवर गायची सवय होती. सहलीला चला म्हणून त्याने बोलावलं, इनोउएंना जाता येईना, तेव्हा त्यांनी त्याच्या गाण्याला जुळेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून 1971मध्ये त्यांचं यंत्र आलं. साथीने गाणाऱ्याकडे यायचं, हा या कलेचा पहिला धर्म. आज खोलीतल्या टॅबलेटवर पट्टी एकेक पायरीने, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या सुराने, खाली-वर करायची बटणं असतात ती त्याच धर्माला धरून. तरीही कित्येकजणी त्यांना हात लावत नाहीत. मूळ पट्टीत गायलं तरच खरं, अशी समजूत घट्ट बसलेली असते. ती मूळ पट्टी म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एका विशिष्ट मुलीच्या गळ्याला जे सोयीचं होतं ते. त्यापलीकडे तिच्यात पवित्र असं काही नाही.

पट्टी उतरवायची तर गाण्याचा तळ आधी पाहावा लागतो. सगळ्यांचं लक्ष ध्रुवपदातल्या सर्वांत वरच्या सुरावर असतं, मी मात्र कडव्यातला सर्वांत खालचा सूर शोधते. वरची ओढ कमी करायला तीन पायऱ्या उतरलो आणि कडवं नुसतं पुटपुटणं झालं, तर काय मिळवलं? म्हणून वरचा आणि खालचा सूर यांत फार अंतर नसलेली गाणी मी जवळ ठेवते. शेवटच्या ध्रुवपदाला अख्खी पट्टी वर चढते का, हेही आधीच ऐकून घ्यायचं. हिकारू उतादाचं 1999चं 'फर्स्ट लव्ह' तसं चढतं. ज्या बाईला ते हवंच असेल तिला मी शेवटाकडून मोजून पट्टी लावून देते, सुरुवातीकडून नाही.

सुरुवातीचं गाणं कोणतं, यालाही फार महत्त्व आहे. सेइको मात्सुदाचं 1980चं 'आओई सांगोशो' पहिल्याच ओळीत वर झेपावतं. ते गायलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. न तापलेल्या गळ्याला असं गाणं देऊ नये. त्याऐवजी युमी मात्सुतोयाचं 1975चं 'सोत्सुग्यो शाशिन' घ्यावं. ते सावकाश चालतं, सूर बोलण्याच्या जवळ राहतात, आणि युमींचा स्वतःचा आवाज फारसा न थरथरणारा, सरळ असल्यामुळे गाणारीवर सजावटीचं दडपण येत नाही. याच युमींनी 'कारुहो कुरेता' या टोपणनावाने सेइकोसाठी 'आकाई स्वीटपी'ला चाल दिली. दोघींची गाणी एकापाठोपाठ गायली की एकाच हाताची लकब दोन गळ्यांतून ऐकू येते. 'आओई सांगोशो'ची पाळी चौथी-पाचवी, तीन पायऱ्या खाली, आणि तेव्हा ते खुशाल मोकळ्या गळ्याने गावं.

खालच्या सुरातल्या गायिकांचं जपानी पॉपमध्ये मोठं घराणं आहे. मोमोए यामागुची, आकिना नाकामोरी, मियुकी नाकाजिमा. मारिया ताकेउचींचं 'एकी' मी अनेकींना दिलं आहे. हे गाणं त्यांनी आकिनासाठी लिहिलं, आकिनाने ते 1986मध्ये गायलं आणि पुढच्याच वर्षी मारियांनी स्वतः गायलं. गाण्यातल्या बाईला स्टेशनवर जुना प्रियकर दिसतो, ती त्याला हाक मारत नाही, शेजारच्या डब्यात चढून दुरून पाहत राहते. आकिना ते जवळजवळ कुजबुजत गाते, मारिया थेट निवेदन करतात. गाणारीला मी दोन्ही ऐकवते आणि विचारते, तुमचा कल कुठे? स्वागतकक्षात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने ते दोन पायऱ्या उतरवून गायलं तेव्हा खोलीतल्या कुणी त्या आवाजात तिला आधी ऐकलंच नव्हतं.

शब्दांविषयी माझा आग्रह वेगळा आहे. 'वयाला शोभेल असं' गाणं मी निवडत नाही. प्रेमात पडलेल्या मुलीचं गाणं पन्नाशीच्या बाईने का गाऊ नये? मी एवढंच विचारते, की हे शब्द तुम्हाला म्हणावेसे वाटतात का. वय वाढतं तशा गाण्यातल्या बंद खोल्या उघडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मासाशी सादांनी लिहिलेलं 'कॉसमॉस' मोमोएने 1977मध्ये गायलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलगी आईशी बोलते, असं ते गाणं. अठरा वर्षांच्या मोमोएने ते मुलीच्या बाजूने गायलं. आज ते गाणाऱ्या बाईने मुलगी होऊनही पाहिलेलं असतं आणि कधी आई होऊनही. एकाच ओळीत दोघी बोलायला लागतात. हे विशीत येत नाही.

आपल्या मराठी मैत्रिणींना मी आधी तेरेसा तेंगकडे नेते. तैवानमध्ये जन्मलेली ही गायिका परक्या भाषेत गात होती, आणि तिचा प्रत्येक उच्चार स्वच्छ कोरलेला असतो. 1986चं 'तोकी नो नागारे नी मी ओ माकासे' मंद लयीचं आहे, म्हणून पडद्यावर शब्दांवरून सरकणाऱ्या रंगाबरोबर वाचायला सवड मिळते. कठीण चित्रलिपीच्या डोक्यावर छोटी काना अक्षरं दिलेली असतात, ती येत असली की पुरे. दोन गोष्टी मात्र घोटाव्या लागतात. जपानीत अनुस्वाराला स्वतःची एक मात्रा असते, ती गिळली की पुढचा सगळा शब्द लवकर येतो. आणि भावगीताच्या सवयीने आपण जागोजागी मींड घेतो. गुण देणारं यंत्र खालून उचललेल्या सुराची दखल घेतं, पण या गाण्यांना सरळ सूर जास्त खुलतो. मींड एकाच जागी, मनापासून घ्यावी.

गुण देणारा तो पडदा मी पहिल्या तासाला बंदच ठेवते. यंत्राला सूर मोजता येतात, गाण्यातला अर्थ कुणापर्यंत पोचला ते मोजता येत नाही. गार पेयाऐवजी कोमट पाणी मागवायचं, दोन गाण्यांच्या मध्ये दुसरीला पाळी द्यायची, दुसरी गाताना तिच्याकडे पाहायचं, फोनकडे नाही. आठवड्यातल्या दुपारी खोल्या स्वस्त मिळतात. एकटीने जाऊन तासभर पट्टी शोधत बसणंही इथे अगदी रुळलेलं आहे. लाजऱ्या मैत्रिणींना मी आधी तसंच पाठवते.

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईकडे स्वतःच्या पाच गाण्यांची यादी असावी, असं मला मनापासून वाटतं. गळा तापवायला एक सावकाश गाणं, आईच्या पिढीचं एक, स्वतःच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांतलं एक, मुलांकडून शिकलेलं एक, आणि पाचवं कुणालाही न विचारता आवडलेलं. प्रत्येकापुढे पट्टीचा आकडा लिहून ठेवायचा. उणे दोन, उणे तीन, जे असेल ते. दर वर्षी यादी पुन्हा गाऊन पाहायची, कारण आवाज सरकत राहतो आणि आकडे बदलतात. आकडा बदलला म्हणून गाणं खोडायचं मात्र नाही.