मुका व्हॉल्व्ह

सुशिक्षित घरांतून शेतीचा विषय निघाला म्हणजे बहुधा भावांची व पावसाची चर्चा होते. अवजारांची होत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी, आज आम्ही एका जुन्या ट्रॅक्टराविषयीं लिहिणार आहों.

कुकडी प्रकल्पाच्या येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे या पांच धरणांचें पाणी कालव्यांनीं खेळूं लागल्यापासून जुन्नर-आंबेगांवच्या पूर्वेकडील गांवांत ऊस, कांदा व टोमॅटो हीं पिकें स्थिरावलीं, आणि बैलांच्या गोठ्याशेजारीं ट्रॅक्टराची पडवी उभी राहिली. आमच्या पडवींत आहे तो महिंद्राचा बी-२७५. मूळ इंग्लंडांत निघालेलें हें यंत्र. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीशीं १९६३ सालीं झालेल्या भागीदारींतून तें आपल्याकडे तयार होऊं लागलें. चार सिलिंडर, सुमारें ३५ अश्वशक्ति. आजच्या यंत्रांपुढें तें खुजें दिसतें खरें, पण तीन भावांच्या एकत्र शेतीचा बराचसा भार त्यानेंच वाहिला आहे.

गेल्या मार्गशीर्षांत तें अडून बसलें. सकाळीं सुरू होण्यास अर्धा तास, सुरू झाल्यावर पांढरा धूर, आणि मागें रोटर जोडला कीं दम तुटे. कांद्याचीं रोपें तयार झालेलीं. लागण लांबली तर कांदा पोसण्याच्या दिवसांत उन्हाचा तडाखा ठरलेला. एका कारागिरानें लांबूनच आवाज ऐकून 'इंजिन पुरतें खोलावें लागेल' असें सांगितलें, व खर्चाचा जो आंकडा बोलला तो ऐकून धाकटे बंधू म्हणाले, "नाना, आतां हा मोडींत द्या." घरांत दोन पक्ष पडले. नाना इतकेंच म्हणाले, "आधीं टॅपेट पाहूं, मग मोडीचें बोलूं."

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. आंतली हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घेतें. म्हणून दाब सुटला कीं सारेंच सुटलें. तो राखण्याचें काम प्रत्येक सिलिंडराच्या माथ्यावरील दोन व्हॉल्व्हांचें. इंजिनाचे मिनिटास १५०० फेरे होत असतां एकेक व्हॉल्व्ह ७५० वेळां उघडतो व मिटतो. त्याचा दांडा तापून लांबतो, यास्तव दांड्याचें टोंक व वरचा रॉकर यांमध्यें बारीक फट ठेवावी लागते. फट फार झाली तर टकटक ऐकूं येते. उलट, वर्षानुवर्षें बैठक झिजून व्हॉल्व्ह आंत बसत गेला कीं फट आपोआप नाहींशी होते; मग तो पुरा मिटत नाहीं, दाब गळतो आणि व्हॉल्व्हाची कड जळूं लागते. टकटक ऐकून माणसें घाबरतात. आमच्या मतें भिण्याजोगा असतो तो मुका झालेला व्हॉल्व्ह.

पुस्तकांतील आंकडा थंड इंजिनाचा कीं तापलेल्याचा, हें प्रथम पाहून नानांनीं काम सुरू केलें. पंपाचा बंद करण्याचा दांडा ओढून ठेवला, माथ्यावरचें झांकण काढलें आणि पुलीस पाना लावून इंजिन हातानें फिरवूं लागले. व्हॉल्व्ह आठ. जो पुरता दबला असेल त्याचा क्रमांक नवांतून वजा करावा. येईल त्या क्रमांकाची फट जुळवावी, असा चार सिलिंडरांच्या इंजिनांचा सोपा हिशेब आहे. आमची पुतणी खडू घेऊन बसली होती. "नाना, चार उघडला, आतां पांच." गेजचें पातें ढिलें जाऊं नये, अडकूंही नये, किंचित् ओढ लागावी. नट आवळल्यावर पुन्हां पाहावें लागतें, कारण आवळतांना स्क्रू बरोबर फिरतो. पांच व आठ या दोन क्रमांकांत तर सर्वांत पातळ पातेंही शिरेना. दुखणें तेथेंच होतें.

रेसच्या दांड्याचा दोष त्याहून साधा. डिझेलमध्यें हा दांडा गव्हर्नराला वेग सांगतो, व तेल किती सोडावें तें गव्हर्नर ठरवितो. आमच्याकडे सांध्यांतल्या पिना झिजून भोंकें लांबट झालीं होतीं. दांडा शेवटच्या खांच्यापर्यंत ओढला तरी पंपावरचा हात आपल्या अडसरापासून बोटभर अलीकडेच थांबे. मग मागच्या शाफ्टास मिनिटास ५४० फेरे कोठून मिळणार? अशा वेळीं पंपाचा शिसें मारून बंद केलेला स्क्रू फिरविण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो अगदीं टाळावा, त्यानें इंजिन बेफाम धांवूं शकतें. नव्या पिना घातल्या, सळईचे आटे फिरवून तिची लांबी जुळविली, इतक्यानेंच हात दोन्ही अडसरांस टेकूं लागला.

दुसऱ्या दिवशीं ट्रॅक्टर दुसऱ्याच चावीला सुरू झाला. धूर कमी झाला, पण नाहींसा झाला नाहीं. आठव्याची कड थोडी जळलेली असावी, असें नानांचें म्हणणें. धाकट्या बंधूंनीं मोडीचा शब्द पुन्हां काढला नाहीं, मात्र उन्हाळ्यांत हेड उतरवून व्हॉल्व्ह घांसून घेण्याचें वचन नानांकडून घेतलें. पौषांत लागण उरकली. झांकणाच्या आंतल्या बाजूस पुतणीनें खडूनें लिहिलेले आठ आंकडे नानांनीं वहींत उतरवून ठेविले आहेत.