पांढऱ्या धोतरांना घरचा रंग

घरातली जुन्यात जुनी गोधडी एकदा अंगणात उन्हाला घाला आणि तिच्याकडे नीट बघा. एखाद्या कोपऱ्यात आजीच्या हिरव्या लुगड्याचा पदर सापडेल, कुठे आजोबांच्या बंडीचे ठिगळ, कुठे चंद्रकळेचा काळा तुकडा. वरचे कापड विरले असेल तर आतून तिच्याहून जुनी गोधडी डोकावेल. हे सगळे कापड सुती. म्हणून तर ती पौषातल्या थंडीत ऊब देते आणि वैशाखात अंगाखाली घातली तर घाम टिपते.

आता आपल्या पेटीत काय निघते ते बघा. नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या. दिसायला झकास, फाटता फाटत नाहीत, धुतल्या की घटकाभरात वाळतात. मी स्वतः शेतात त्याच नेसते, उगाच नावे कशाला ठेवू? पण त्यांची गोधडी ज्यांनी शिवली आहे त्यांना ठाऊक आहे. कापड हातात थांबत नाही, घाम तसाच अंगावर राहतो, आणि चुलीतली एक ठिणगी उडाली की वितळून भोक. तान्ह्या मुलाच्या अंगाखाली ती घालूच नये असे माझे मत आहे.

मग सुती कापड आणायचे कुठून? पुष्कळ घरांत एकाच माणसाचे सुती कपडे अजून निघतात, आणि तो म्हणजे घरातला म्हातारा. धोतर, उपरणे, सदरा, फेटा. सारे पांढरे.

आमच्याकडे सासरे गेले तेव्हा त्यांची पाच धोतरे मागे राहिली. त्यांतली दोन तर घडी न मोडलेली. वर्षश्राद्ध झाले तरी त्यांना कोणी हात लावला नव्हता. पुढे थोरल्या लेकीला दिवस गेले. पहिले बाळंतपण, म्हणजे ती माहेरी येणार. सासूबाई एका दुपारी म्हणाल्या, "यांच्या धोतरांची गोधडी शीव. पणतवंडाच्या अंगाखाली जाईल." आणि थोडे थांबून म्हणाल्या, "पण पांढरी नको गं लेकराला." त्यांच्या मनात काय आले हे मला विचारावे लागले नाही. शेवटच्या दिवशी सासऱ्यांवर घातलेले कापडही पांढरेच होते.

तेव्हा धोतरे रंगवायची ठरले. कशाने, हा प्रश्न होता. बाजारातून रंगाची पुडी आणून अर्ध्या तासात काम होते हे मलाही माहीत आहे. पण आमच्याच आळीत एका बाळंतिणीने पुडीने रंगवलेले दुपटे वापरले होते. बाळाने ते ओले केले, आणि सकाळी बघते तो लेकराची पाठ गुलाबी. बाळाला काही झाले नाही, पण त्या पोरीचा जीव दिवसभर टांगणीला लागला. तिच्या पुडीवर आत काय आहे याचे एक अक्षरही नव्हते.

बाजारातला प्रत्येक रंग वाईट असे मी म्हणणार नाही. १९५६ साली विलायतेत सुताशी पक्का जोडला जाणारा रंग निघाला. त्या जातीचे रंग मीठ आणि धुण्याच्या सोड्यात बसवले आणि नंतर नीट धुतले की चांगले टिकतात. पण अ‍ॅझो नावाच्या रंगांत काही असे निघाले की त्यांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये सुटू शकतात. जर्मनीने १९९४ साली अशा रंगांना मज्जाव केला आणि आपल्या सरकारनेही १९९७ साली ७० अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. सुट्या, बिननावाच्या पुडीत काय भरले आहे हे तुम्हा-आम्हाला कसे कळणार? मोठ्या माणसाच्या पांघरुणाला एक वेळ चालेल. तान्हे मूल मात्र दुपट्याचा कोपरा धरून चोखत बसते.

आम्ही पडलो बागलाणातले. इकडे सटाणा, देवळा, मालेगावाकडे डाळिंबाच्या बागा, तिकडे लासलगावच्या बाजारापर्यंत सगळा कांदा. तेल्या रोगाने कितीतरी बागा मोडल्या, तरी उन्हाने तडकलेली डाळिंबे आजही बांधावर पडलेली दिसतात. आणि कांदाचाळीत कांदा निवडताना टरफलांचा ढीग पडतो तो वाऱ्यावर उडून जातो. या दोन्हींत रंग आहे. जुन्या रंगाऱ्यांना हे पक्के माहीत होते. गावोगावच्या रंगारी गल्लीतले भावसार लोक डाळिंबाची साल, हिरडा, तुरटी हेच पोत्याने आणत.

आता कृती सांगते. मी सांगते ते प्रमाण एक किलो कोरड्या कापडाचे आहे. आमची पाच धोतरे दीड किलोच्या वर भरली, त्या मानाने मी वाढवले.

आधी कापड सुतीच आहे ना ते बघा. कडेचा एक धागा उपसून काडी लावा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख पडते. धागा आक्रसून त्याचा टणक मणी झाला तर ते टेरीकॉट किंवा पॉलिस्टर. त्याच्यावर हा रंग बसणार नाही, मेहनत वाया घालवू नका. मग कापडातली खळ आणि तेलकटपणा काढायचा. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून कापड तासभर उकळा. नवे वाटणारे धोतरसुद्धा इतके पिवळट पाणी सोडते की बघत राहावे. ही पायरी जिने टाळली तिच्या कापडावर डाग-डाग रंग येणार, हे ठरलेले.

यानंतरची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळे गुपित तिथेच आहे. लोकर किंवा रेशीम तुरटीला पटकन धरते. सूत तसे धरत नाही. त्याला आधी तुरट रस पाजावा लागतो, तो सुताला चिकटतो, मग त्या रसाला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. आमच्याकडे मुलीच्या सासरी ओळख काढायला जसा मधला माणूस लागतो तसेच हे. तुरट रसासाठी हिरड्याची पूड दीडशे ते दोनशे ग्रॅम घ्या, पाण्यात भिजवून गाळा, त्यात कापड रात्रभर ठेवा आणि न खळबळता उन्हात वाळवा. कापड बदामी पिवळे दिसेल. डाळिंबाच्या सालीनेच रंगवायचे असेल तर हिरडा नसला तरी चालते, कारण ती साल मुळातच तुरट.

मग दीडशे ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. वीस ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून तो थोडा थोडा तुरटीच्या पाण्यात घाला. फेस वर येतो, म्हणून भांडे मोठे घ्या. त्यात कापड दोन तास तरी बुडवून ठेवा, रात्रभर ठेवले तर उत्तम.

रंगासाठी डाळिंबाची वाळलेली साल अर्धा किलो. आदल्या दिवशी भिजत घाला, दुसऱ्या दिवशी तासभर उकळा आणि फडक्यातून गाळा. चोथा राहिला तर तो कापडावर बसून ठिपके पडतात. त्या पाण्यात ओले कापड सोडा. पाणी सढळ हवे, किलोला वीसेक लिटर, म्हणजे कापड मोकळे फिरते. मंद आचेवर तासभर ठेवा आणि काठीने वरखाली करत राहा. हे काम सुनेवर टाकून शेजारी गप्पा मारायला जाऊ नका. कापड एका जागी राहिले की घडीची रेघ उमटते. नंतर आच काढून तसेच रात्रभर राहू द्या. सकाळी पिळून सावलीत वाळवा. मोहरीच्या रंगाच्या आसपास पिवळा येतो. कांद्याच्या टरफलांचा रंग याच रीतीने काढायचा, फक्त टरफले कापडाच्या वजनाइतकी घ्या आणि हिरड्याची पायरी सोडू नका. त्याचा रंग सोनेरी, कधी तांबूस.

भांडे जर्मनचे किंवा स्टीलचे घ्या. लोखंडी कढईत केले तर पिवळ्याचा मळकट हिरवा होतो. रंगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही. आणि फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, पिंप यासाठी कितीही सोईचे दिसले तरी हात लावू नका. द्राक्षवाल्यांच्या घरी मोरचूद असतो, त्यानेही रंग पक्का होतो असे कोणी सांगेल. होतो, पण मोरचूद विषारी आहे आणि उरलेले पाणी टाकायचे कुठे? माझ्या घरात तरी तो रंगाच्या भांड्यात गेला नाही.

काळा रंग हवा असेल तर तो लोखंडापासून होतो. गंजलेले खिळे, बैलांचे झिजलेले नाल, त्यात गूळ आणि पाणी घालून मडके पंधरा-वीस दिवस झाकून ठेवायचे. वास येतो, तेव्हा मडके गोठ्याच्या पलीकडे ठेवा आणि पोराबाळांचा हात पोचू देऊ नका. हिरडा पाजलेले कापड या पाण्यात घातले की डोळ्यांदेखत राखाडी होते, पुन्हा पुन्हा घातले की काळे. जादूच वाटते. पण लोखंड जास्त झाले तर सूत कुजते. जुन्या गोधडीतले इतर रंगांचे तुकडे धड असतात आणि काळ्याचीच जाळी झालेली असते, ती अनेकदा यामुळे. म्हणून काळा मी फक्त काठाच्या पट्टीला वापरला.

लाल रंगाची गोष्ट निराळी. तो मंजिष्ठेच्या मुळांचा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो याच जातीच्या वनस्पतीने रंगवलेला होता. वय साधारण चार हजार वर्षांच्या वर! आपल्या बांधावरच्या बारतोंडीच्या जातीतले आलही असेच. त्याच्या मुळांच्या सालीने खारवा रंगवत आणि मध्य प्रांतात त्याची शेती होई. १८६८ साली जर्मनीत दोघा शास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीतले रंगद्रव्य कारखान्यात तयार करण्याची वाट शोधली आणि ती शेती हळूहळू बसली. नीळीचेही १८९७ नंतर तेच झाले. शेतमालाचा भाव असा परदेशातल्या एका बाटलीने पडतो, हे कांदेवाल्यांना मी काय सांगावे. असो. मंजिष्ठेला खळखळ उकळी देऊ नका, रंग तपकिरी होतो. आपल्या बोअरचे क्षाराचे पाणी, ज्यात डाळ शिजत नाही, ते मात्र या लाल रंगाला मानवते.

हळद आणि पळस यांच्या नादी लागू नका. पळसाची फुले रंगपंचमीला छान. दोन्ही रंग उन्हात उडतात, आणि हळदीच्या डागाला साबण लागला की तो कसा लाल होतो हे काय सांगायला हवे?

आमच्या पाच धोतरांतली दोन डाळिंबात गेली, दोन कांद्यात आणि एक मंजिष्ठेत. सासऱ्यांच्या धोतराचा तांबडा काठ पिवळ्यावरही तसाच उठून राहिला. तो काठ सासूबाईंनी कापू दिला नाही, म्हणून गोधडीच्या एका बाजूने सरळ चालला आहे. शिवण नेहमीची, कडेने सुरू करून चौकोनी फेरे घालत मध्यापर्यंत धावदोरा. दोरा सुतीच घेतला.

बाळाचे दुपटे मात्र वेगळे केले. सगळ्यांत जुने, विरत आलेले मऊ धोतर, फक्त डाळिंब आणि तुरटी, लोखंड अजिबात नाही. रंग बसल्यावर आठवडाभर ठेवले, मग तीनदा धुतले. शिवण्यापूर्वी ओले करून पांढऱ्या फडक्यात गुंडाळले आणि वर पाटा ठेवून रात्रभर दाबले. फडके स्वच्छ निघाले तेव्हा सुईत दोरा ओवला. तुम्हीही एवढी एक परीक्षा करा, रंग घरचा असो की बाजारचा.

खरी परीक्षा घटस्थापनेच्या आधी झाली. घरातल्या साऱ्या गोधड्या बैलगाडीत घालून मोसम नदीवर नेल्या, सोड्यात भिजवल्या, खडकावर आपटल्या. आपटताना कुणी नवी-जुनी बघत नाही. कांद्याचा सोनेरी रंग एक छटा उतरला. लाल थोडा विटकरी झाला. डाळिंबाचा पिवळा होता तसा राहिला. काठाच्या काळ्या पट्टीने थोडेसे पाणी राखाडी केले आणि मग थांबली.

उरलेल्या सालींची दोन पोती माळ्यावर टांगली आहेत. जाऊबाईंनी त्यांच्या वडिलांची उपरणी आणून ठेवली आहेत, पण वैशाखात विहिरीला पाणी नसते. ती आता मार्गशीर्षात.