तंतूची वाट

१९०३ सालच्या एप्रिल महिन्यात हेन्री हेड या इंग्रज वैद्याने आपल्या डाव्या हाताच्या त्वचेला संवेदना पुरवणारा मज्जातंतू शल्यवैद्याकडून मुद्दाम तोडून घेतला आणि त्याची टोके रेशमी धाग्याने पुन्हा जोडून घेतली. रुग्णांना आपल्या हरवलेल्या स्पर्शाचे नेमके वर्णन करता येत नाही, ही त्याची अडचण होती. हेड कवीही होता. १९१९ मध्ये त्याचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. स्पर्श जातो म्हणजे काय होते आणि तो परततो कसा, हे शब्दांची पारख असलेल्या कोणी तरी आतून पाहून सांगावे, असे त्याला वाटले असल्यास नवल नाही. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्याचा मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स पुढची चार वर्षे त्या हाताची परीक्षा घेत राहिला. आधी परतली ती वेदना. तीही ओबडधोबड, आपले ठिकाण धडपणे न सांगणारी. कापसाच्या हलक्या स्पर्शाची जाणीव पुष्कळ उशिरा आली. या निरीक्षणांवर हेडने उभारलेली उपपत्ती पुढे टिकली नाही. त्याने दाखवून दिलेला क्रम मात्र विचार करायला लावतो: सुखद, सूक्ष्म असे जे काही आहे, ते दुःखाच्या मागून येते.

तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढू शकतो, ही निसर्गाची उदारता आहे. पण ती मोजून दिलेली आहे. ऑगस्टस वॉलर याने १८५० साली बेडकाच्या जिभेच्या तंतूंवर प्रयोग करून दाखवले, की तोडलेल्या जागेपलीकडचा भाग झडून जातो. नवा अंकुर फुटतो तो अलीकडच्या टोकाला. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकातून त्या अंकुराचे चाचपडणारे टोक पाहिले. ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकते. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचा प्रवास या गतीने दोन वर्षांचा होतो, आणि तोवर हाताचे स्नायू वाळत राहतात. जुन्या मार्गावर उरलेल्या श्वॉन पेशी नव्या तंतूला रांगेने वाट दाखवतात. परंतु त्यांचे आतिथ्यही कालांतराने ओसरते. मराठीत ‘वाट’ चालायचीही असते आणि पाहायचीही. येथे हे दोन्ही अर्थ एकाच हातात नांदतात.

मधला तुकडाच नष्ट झाला असेल, तर शल्यवैद्य रुग्णाच्याच पोटरीतील एक संवेदी तंतू काढून त्या दरीत बसवतात. आजही हीच पद्धत प्रमाण मानली जाते. हातासाठी पायाच्या बाहेरच्या कडेला बधिरता पत्करावी लागते; शरीर आपल्याच एका अवयवाकडून दुसऱ्यासाठी उसने घेते, आणि ते उसने कधी फिटत नाही. ऊती-अभियांत्रिकीचा सारा उद्योग या उसनवारीतून सुटका शोधण्याचा आहे. १८८२ साली व्हानलेर याने खनिजे काढून टाकलेल्या हाडाची नळी कुत्र्याच्या तुटलेल्या तंतूभोवती बसवली. त्यानंतर शंभर वर्षांनी स्वीडनच्या लुंडबोर्ग यांनी सिलिकॉनच्या नळीत उंदराच्या तंतूला १० मिलिमीटरची दरी ओलांडताना पाहिले. सिलिकॉन विरघळत नाही आणि पुढे तंतूला जाचू शकतो. म्हणून कोलॅजेनच्या, काम झाल्यावर विरून जाणाऱ्या नळ्या आल्या. चांगल्या वाटेने वाटसरू पोचल्यावर स्वतःला मिटवून टाकावे, ही अपेक्षा किती अवघड आहे! लवकर विरली तर तंतू भरकटतो, उशिरा विरली तर गुदमरतो.

रिकामी नळी सुमारे ३ सेंटीमीटरपलीकडे फारशी उपयोगी पडत नाही. लांब दरीत आधाराचे जाळे विणले जात नाही आणि श्वॉन पेशी पोचत नाहीत. म्हणून आता नळीत सूक्ष्म धागे, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, वाढीला चालना देणारी द्रव्ये भरून पाहतात. मृत दात्याच्या तंतूतील पेशी धुऊन काढून उरलेला सांगाडाही वापरतात. प्रत्येक उपायात शोध एकच: वाढ तंतूची आहे, माणसाने तिला जागा कशी द्यावी?

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका नाही. कुष्ठरोगाचा जंतू याच श्वॉन पेशींत ठाण मांडतो. वाटाड्याच्याच घरात शिरतो. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी ओळखले, की रुग्णांची बोटे झिजतात ती मुख्यतः वेदना न कळल्यामुळे: चटका बसतो आणि हात मागे येत नाही. या रोगात इजा तंतूच्या लांबीभर पसरलेली असते. एका दरीवर पूल बांधून भागत नाही. वेळेवर औषध हाच तेथला खरा उपाय.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मन हॉफमन आणि फ्रेंच टिनेल यांनी परस्परविरुद्ध बाजूंना राहून एकच खूण नोंदवली. जखमी सैनिकाच्या तंतूवर बोटाने हलके ठोकत जावे. जेथे मुंग्या येतात तेथवर नवा तंतू पोचलेला असतो. ही खूण आजही तपासतात. महिन्यामागून महिने ती जागा पुढे सरकते की नाही, एवढेच वैद्य पाहतो. रुग्णाला हवे असते ते याहून पुष्कळ अधिक. पण त्या दिवशी त्याला सांगता येते ते इतकेच, की येथे मुंग्या येतात, मागच्या वेळी थोड्या अलीकडे येत होत्या.