मूठभर राख

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे एक लहानसे गाव आहे. नसरापूरहून मार्गासनी, साखर ही गावे मागे टाकून प्रवासी येथे पोहोचतो आणि मान वर करून पाहतो, तो समोर गड उभा! पद्मावती माचीच्या चोरदरवाजाकडे जाणारी वाट याच गावातून चढते. सुमारे पंचवीस वर्षे शिवरायांची राजधानी असलेल्या या गडाचा समावेश २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात केला. गडाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला सांगायचे आहे ते पायथ्याच्या एका ओसरीविषयी आणि तेथे मिळालेल्या मूठभर राखेविषयी.

मी मुख्याध्यापक असताना एका हिवाळ्यात तीस मुलांची सहल घेऊन येथे आलो होतो. एका आजींच्या घरी दुपारच्या जेवणाची सोय होती. ना पाटी, ना टेबल-खुर्च्या. शेणाने सारवलेली ओसरी, आत धगधगणारी चूल आणि भाकरी थापल्याचा पट् पट् आवाज. नाचणीची ऊन ऊन भाकरी, वाफाळलेले पिठले, मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा! एवढ्या साध्या जेवणाची चव माझ्या जिभेवर अद्याप रेंगाळते आहे.

आजींनी धातूची ताटे मांडली होती. पण मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “आजी, तुम्हांला घासण्याचा त्रास नको. आम्ही थर्माकोलच्या ताटल्या आणल्या आहेत.” आजी काही बोलल्या नाहीत. जेवणे उरकली. उष्ट्या ताटल्यांचा ढीग मी कुंपणाशी ठेवविला. ‘उद्या परतताना उचलू,’ असे मनाशी म्हणालो आणि मुलांना घेऊन गड चढू लागलो.

ती रात्र आम्ही माचीवरील पद्मावतीच्या देवळात काढली. रात्रभर वारा घोंघावत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी खाली उतरलो, तर कुंपणाशी एकही ताटली नव्हती! आजी टोपली घेऊन ओढ्याच्या काठाने वाकून वाकून पांढरे तुकडे वेचीत होत्या. गोठ्याजवळचे वासरू काहीतरी चघळीत होते. आजींनी लगबगीने जाऊन त्याच्या तोंडातून तो तुकडा ओढून काढला. माझी मान शरमेने खाली गेली. मुलांना स्वच्छतेचे धडे देणारा मी, आणि हा कचरा माझाच होता!

मी क्षमा मागू लागलो, तेव्हा आजी हसून म्हणाल्या, “गुरुजी, ताटं फेकायची कशापायी? मूठभर राखंत ढीगभर भांडी निघत्यात.”

आम्ही सर्वांनी मिळून ओढ्याचा काठ साफ केला आणि मग आजींच्या ताटांतच जेवलो. जेवण होताच त्यांनी चुलीतली थंड झालेली, चाळलेली राख आणि नारळाची शेंडी पुढे ठेवली. घरी कधी कपही न विसळणारा एक मुलगा सर्वांत आधी बसला. तेलाचा ओशटपणा गेला, ताट लख्ख झाले. त्यात आपला चेहरा पाहून तो खुदकन हसला.

राखेत हे सामर्थ्य येते कोठून? लाकडाच्या राखेत क्षार असतात. पाण्यात ते विरघळले म्हणजे तेलकटपणा सुटा करतात, आणि राखेचे बारीक कण भांडे घासून काढतात. पूर्वी राखेचे पाणी भांड्यात आटवून हा क्षार काढीत. म्हणून इंग्रजीतील ‘भांडे’ आणि ‘राख’ या दोन शब्दांपासून ‘पोटॅश’ हा शब्द बनला. १८०७ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने पोटॅशमधून एक नवे मूलद्रव्य वेगळे केले आणि त्याला पोटॅशियम हे नाव दिले. हे मूलद्रव्य झाडांचेही खाद्य आहे. म्हणूनच आजी भांडी धुतलेले पाणी परसातल्या केळीच्या बुंध्याशी ओतीत होत्या. अॅल्युमिनियमची भांडी मात्र राखेने काळवंडतात, हेही त्यांना ठाऊक होते. त्यासाठी त्या रिठ्याचे पाणी वापरीत.

पुढे २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली. ती बातमी वाचताना मला ओढ्याकाठी वाकलेल्या आजी आठवल्या. जी गोष्ट आम्हांला कायद्याने शिकवावी लागली, ती त्या ओसरीवर रोजच्या वागण्यातच होती.

आता माझ्या घरी गॅसची शेगडी आहे. चूल नाही, म्हणून राखही नाही. काळ बदलला, साधने बदलली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कोठेही बाहेरगावी निघालो, की माझ्या पिशवीत स्टीलचे एक ताट असते. जेवण झाल्यावर मी ते स्वतः घासतो आणि उन्हात धरून पाहतो. ते लखलखले, की गुंजवण्याच्या आजींनी आपले काम तपासले, असे मला वाटते.