कावीळ उतरवून घेताना

घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले की आपण पहिलं काम कोणतं करतो? खरं सांगा हं! डॉक्टरांचं नाव नंतर. आधी ‘काविळीची माळ कोण देतं’ याची चौकशी. आमच्या बाभुळगावात काय नि तुमच्या गावात काय, पत्ता सांगायला शेजारीण तयारच असते. डोक्यावर ठेवलेली माळ लांबत लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. कुणी चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन देतं, पाणी पिवळं होतं आणि आपल्याला वाटतं, निघाली बाई एकदाची!

माळेचं गुपित साधं आहे. झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले असतात. काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात नि माळ वाढते. खुंटीला अडकवलीत तरी वाढेल. चुन्याचं पाणी पिवळं होतं ते हाताला आधी लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसानं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे कितीदा तरी करून दाखवलंय.

“पण माणसं बरी होतात ना?” होतात की. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच जाते, नि श्रेय माळेला मिळतं. माझा राग त्यावर नाही. माळ गळ्यात पडली की घरातले निर्धास्त होतात, आणि ज्या थोड्या रोग्यांचं यकृत खरोखरच निकामी होत असतं, त्यांचे मोलाचे दिवस त्यात जातात, राग त्याचा आहे.

यकृत म्हणजे उजव्या बरगड्यांखालचा सुमारे दीड किलोचा अवयव. रक्त गोठवणारी द्रव्यं तोच करतो, उपाशीपोटी साखर तोच पुरवतो आणि आतड्यांतून येणारा अमोनियाही तोच निर्विष करतो. तो थकला की नुसता पिवळेपणा राहत नाही. हिरड्यांतून रक्त येतं, उलट्या थांबत नाहीत आणि मग विष मेंदूपर्यंत पोचतं. हे शेवटचं लक्षण मात्र घरात कुणाला ओळखू येत नाही.

आमच्या मागच्या गल्लीतली एक पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. कावीळ झाली, माळ झाली, पथ्य सुरू झालं. पाचव्या दिवशी ती दिवसभर झोपायला लागली नि रात्री टक्क जागी. मेथी निवडायला दिली तर पानं टाकून देठं ताटात ठेवली. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे. तिची आजी तेवढी म्हणाली, “मायबाई, हे पोरगी बहकून रायली. हिले आत्ताच्या आत्ता यवतमाळले न्या!” आजी कधी शाळेत गेली नव्हती. यवतमाळहून नागपूर झालं, कितीतरी दिवस अतिदक्षता विभागात गेले. पोर वाचली, बाळ मात्र हाती लागलं नाही.

‘ई’ विषाणूचा गरोदरपणाशी असा दावा आहे. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९५५-५६ साली दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून हजारोंना कावीळ झाली, त्यातही गरोदर बायकांचेच हाल जास्त झाले. २०१२ साली आपल्या इचलकरंजीत याच विषाणूची साथ आली होती. तेव्हा पोटुशी सून-लेक पिवळी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना! बिलिरुबिनबरोबर रक्त गोठण्याची तपासणी, ‘आय.एन.आर.’, करायची का, हे आपणहून विचारा. झोप उलटली, बोलणं तुटक झालं, पुढे धरलेले हात पंखासारखे फडफडले, तर रात्र जाऊ देऊ नका. आणि ‘झोप लागत नाही’ म्हणून झोपेची गोळी मुळीच देऊ नका.

यकृत हळूहळूही संपतं. दारूनं, ‘बी’ आणि ‘सी’ विषाणूंनी, आणि दारूचा थेंब न घेणाऱ्यांतही मधुमेहानं, वाढलेल्या वजनानं. पोटात पाणी होतं, हातपाय काटकुळे होतात, एखादे दिवशी रक्ताची उलटी होते. दारू त्या टप्प्यावर सोडली तरी फायदा होतो, बरं का. ‘बी’ची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत मिळायला हवी, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘बी’ व ‘सी’च्या तपासण्या नि औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत.

घरचा औषधांचा डबाही एकदा बघा. तापाची पॅरासिटामॉल आणि सर्दीची वेगळी गोळी, दोन्हींत औषध एकच असतं. अशी बेरीज होत गेली की यकृत जळतं. त्यावर उतारा आहे, पण वेळेत गेलं तर. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हेही खरं नव्हे. गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही. मी मात्र काविळीत विचारल्याशिवाय काढा देणार नाही.

सारंच हरलं तर यकृतारोपण. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून बसवता येतो, आणि देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत पुन्हा भरून येतं. आपल्या देशात ते पहिल्यांदा यशस्वी झालं १९९८ साली. असा तुकडा देणाऱ्यांत बायका जास्त नि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे काही मी तुम्हाला वेगळं सांगायला नको!

आणि हो, काविळीत हळद, तेल अगदी बंद करून रोग्याला नुसत्या उसाच्या रसावर ठेवायचं कारण नाही. हळदीनं कावीळ वाढत नाही. थोडं थोडं, पण चार-पाच वेळा जेवू घाला, वरणभात चालतो. रस्त्यावरचा रस तर नकोच, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा ते गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं.