फेडायचं की मिटवायचं?

उधारी फिटते आणि भांडण मिटतं, असं आपण म्हणतो. पण देणं किती यावरच भांडण असेल तर? गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या मामापुढे हाच प्रश्न होता.

मामाचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. एका कारखान्याला त्याने शेड उभी करून दिली. बिल झालं ३ लाख ४० हजार. कारखान्याने मापं आपल्या हिशेबाने धरली, उशिराचा दंड कापला आणि २ लाख १० हजारांचा चेक पाठवला. सोबत पत्र : ही रक्कम संपूर्ण व अंतिम हिशेबापोटी आहे, मान्य नसल्यास चेक परत करावा. इकडे चार कारागिरांचे पगार तुंबलेले. मामी म्हणाली, "अहो, आधी बँकेत भरा, भांडायचं ते नंतर भांडा." घरात सगळ्यांना ते पटलंही. मला मात्र धाकधूक वाटली, म्हणून कायद्याचं पुस्तक उघडून बसलो.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ६३ सांगतं, की घेणेकरी आपलं येणं पूर्ण किंवा थोडं सोडू शकतो, किंवा त्याऐवजी त्याला योग्य वाटेल ते घेऊ शकतो. गंमत म्हणजे कायद्यात उदाहरणंही दिली आहेत. पाच हजारांच्या देण्यापोटी दोन हजार 'सगळं मिळालं' म्हणून घेतले, की अख्खं देणं संपलं. रक्कम नक्की ठरलेली नसताना दोन हजारांवर समाधान मानलं, तरी संपलं. मूळ आकडा काही का असेना. एका उदाहरणात तर रुपयाला आठ आणे घेऊन मिटवलंय!

इंग्लंडमध्ये १८८४ च्या 'फोक्स विरुद्ध बीअर' खटल्यात व्याज सोडायचं कबूल केलेल्या बाईंना ते पुन्हा मागता आलं, कारण त्या कबुलीच्या बदल्यात त्यांना नवं काहीच मिळालं नव्हतं. आपल्याकडे सोडलं ते सुटलं.

आणि सोडायला सहीच लागते असं नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. रेल्वेने नुकसानभरपाईचे चेक असंच पत्र जोडून पाठवले होते. दावेदाराने ते वटवले आणि मग उरलेले पैसे मागितले. न्यायालयाने सांगितलं, आधी हरकत न कळवता चेक वटवणं हीच मान्यता. जबरदस्तीने घेतलेली संमती रद्द करून घेता येते, पण जबरदस्ती सिद्ध करावी लागते.

म्हणजे मामीचा क्रम उलटा हवा. आधी भांडायचं, मग बँकेत जायचं. मामाने चेक तसाच ठेवला आणि हिशेब मान्य नसल्याचं रजिस्टर पत्र पाठवलं. पगारासाठी मामीच्या बांगड्या गहाण गेल्या. तीन आठवड्यांनी दोघांच्या माणसांनी मिळून पुन्हा मापं घेतली. थोडी चूक मामाच्या मापातही निघाली. शेवटी २ लाख ७५ हजारांवर तडजोड झाली. जुना चेक परत केला, नवा घेतला, कागदावर सही झाली.

"पासष्ट हजार गेले ना रे," मी म्हटलं.

"गेले नाहीत, मी सोडले," मामा म्हणाला.

बांगड्या संक्रांतीच्या आत सुटल्या. तुमच्यापैकी कुणाला असा चेक आला तर एवढंच करा, चेकआधी सोबतचं पत्र वाचा.