आपल्याला काय, कोणतीही गिटार चालेल?

आमच्या कलापथकासाठी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरलं तेव्हा पहिला सल्ला आला तो असा : "वस्तीतले कार्यक्रम आपले. आपल्याला काय, कोणतीही चालेल." सल्ला देणारे आपलेच लोक होते, म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं. वर्गणीचे 18,000 रुपये जमले होते. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या वीस-वीस रुपयांच्या नोटा होत्या. त्या पैशाला 'कोणतीही' हा शब्द शोभत नाही.

दुसरं टोक आमच्या वादक पोराचं. त्याला नामवंत कंपनीचीच गिटार हवी होती. "दादा, हेडस्टॉकवर नाव असलं की समोरचा आधीच गप्प बसतो," तो म्हणाला. कॉलेजच्या बँडमध्ये त्याच्या वाद्यावरून त्याची टर उडवली गेली होती. त्यामुळे त्याच्यावर मला रागावता आलं नाही.

एका दुकानात तशी जुनी गिटार 17,500 ला मिळत होती. पॉलिश चकचकीत, नाव सोनेरी. पोराने ती हातात घेतली आणि बंदुकीचा नेम धरावा तशी ब्रिजच्या बाजूने नेकवर नजर टाकली. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटच्या रेषा समांतर दिसायला हव्यात. इथे एक रेषा दुसरीच्या मानाने तिरकी होती. नेकला पीळ पडला होता. नेक नुसता वाकला असेल तर आतला लोखंडी ट्रस रॉड पिळून सरळ करता येतो. पीळ सहसा निघत नाही. दुकानदार म्हणाला, "ऐकणाऱ्याला कुठे कळतंय?" आम्ही उठलो.

ज्याने इलेक्ट्रिक गिटार कारखान्यात घाऊक बनवून दाखवली, तो अमेरिकेतला लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1950 साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारचा नेक चार स्क्रूंनी बसवलेला होता; बिघडला तर काढा, दुसरा लावा. दुकानातल्या त्या गिटारचा नेक मात्र चिकटवलेला होता. म्हणजे ती दुरुस्ती आमच्या आवाक्याबाहेरची.

'स्वस्तातलं चालतं' म्हणणारे शिकागोच्या हाउंड डॉग टेलरचं उदाहरण देतात. मिसिसिपीत जन्मलेला हा काळा ब्लूज गायक स्वस्त जपानी गिटारवर वाजवायचा आणि त्याचा 1971 चा पहिला अल्बम आजही अंगावर काटा आणतो. खरं आहे. पण तो वाजवायचा स्लाइडने, तारेवर नळी फिरवून. त्या वादनात तार फ्रेटवर दाबावी लागत नाही, त्यामुळे फ्रेट ओबडधोबड असले तरी निभतं. आमचा पोरगा बोटांनी वाजवतो. गरिबीचं कौतुक करणाऱ्यांनी निदान तो माणूस वाजवतो कसा हे तरी बघावं.

दुसरी गिटार एका विद्यार्थ्याकडे, 11,000 ला. नाव कुणी न ऐकलेलं. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली, मध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट. उत्तम. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवला. कंटाळवाणं काम, पण करावंच. बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची दोन मिलिमीटर. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळले. एका तारेचा थोडा चढा होता, ब्रिजवरचा सॅडल मागे घेतल्यावर बसला. तिसरी तार नटच्या खाचेत अडकून 'टिंग' करत होती. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं, भागलं.

मग आवाज. विकणाऱ्याने डिस्टॉर्शन पेडल लावून ठेवलं होतं. ते आधी काढायला लावलं. डिस्टॉर्शनखाली शंभर दोष झाकले जातात. टोनचं बटण करकरत होतं, पण स्प्रे मारून ते साफ होतं. लाकडाची जात कोणती हे विक्रेते फार अभिमानाने सांगतात. पिकअपला जातीशी देणंघेणं नसतं. त्यातलं चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं धातूच्या तारेचं कंपन तेवढं टिपतं. लाकडाने किती फरक पडतो यावर वादक भांडोत. पिकअप स्क्रूने वरखाली केला की फरक आमच्याच कानांना कळला. सिंगल कॉइल असल्याने विजेची भुणभुण होतीच. तारांवर हात ठेवताच ती कमी झाली, म्हणजे ब्रिजखालची ग्राउंडची वायर शाबूत होती. गिटार घेतली.

पण ही वायर दुधारी असते. तिच्यामुळे गिटारच्या तारा ॲम्पच्या बॉडीशी जोडलेल्या राहतात. मंडपातल्या बोर्डला अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये करंट उतरला, तर वाजवणाऱ्याचा ओठ माइकला लागताच शॉक बसतो. गेल्या वर्षी आमच्या एका गायकाला असा झटका बसला होता, आणि 'चालतंय' म्हणून आम्ही कार्यक्रम पुढे रेटला होता. या वेळी मंडपवाल्याच्या पावतीवर अर्थिंगची वायर वेगळी लिहून घेतली आहे. त्याने 400 रुपये जास्त लावले. दिले.